डाकूच्या नाटकाला लग्नाचा शेवट

कुरखेड्याच्या नाटक मंडळाचा एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. विंगेतून प्रॉम्प्टर जे बोलेल तेच नटानं बोलायचं. पाठांतर हा कमीपणा समजला जाई. मंडळाचे प्रमुख श्रीहरीभाऊ टेंभुर्णे बावीस वर्षं खलनायकाची कामं करत आले होते आणि त्यांना एक वाक्य पाठ नव्हतं. हे ते स्वतःच सांगत.

"पाठ करून तं पोट्टेही बोलतेत. कानानं आयकून तोंडानं फेकाले कलेजा लागते."

तो कलेजा चौऱ्याऐंशी साली, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत सगळ्यांनी पाहिला होता. श्रीहरीभाऊंची तलवार शत्रूच्या गळ्याला लागली होती. त्याच क्षणी प्रॉम्प्टर हरिदास मेश्राम मागं वळून चहावाल्याला म्हणाला, "तीन कप, एक बिनसाखरेचा." श्रीहरीभाऊ छाती फुगवून गरजले, "तीन कप. एक बिनसाखरेचा." समोरचा शत्रूही हरिदासच्याच भरवशावर उभा होता. पुढचं वाक्य आलं नाही म्हणून त्यानं गुडघे टेकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नाटक पुढं गेलं.

हरिदासचा मूळ धंदा पुस्तकबांधणीचा. तहसील कचेरीची रजिस्टरं, शाळांची हजेरीबुकं, पतपेढीची पासबुकं असं सगळं त्याच्या ओसरीवर येई, आणि खळ, दोरा, सुई घेऊन तो त्यांना नवा जन्म देई. मंडळाच्या नाटकांच्या वह्याही त्याच्याच हातच्या होत्या. वही उसवली की तो नट उसवल्यासारखा अस्वस्थ होत असे.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मात्र त्याच्या अस्वस्थपणाचं कारण वेगळं होतं. श्रीहरीभाऊंचा मुलगा खुशाल हा मंडळाचा नायक, वय सव्वीस. दसऱ्यापासून त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं आणि दंडावर, मांड्यांवर निळे डाग उठत होते. नागपूरला नेल्यावर कळलं की हा रक्ताचा कर्करोग आहे, तोही झपाट्यानं वाढणारा. औषधाचा पहिला फेरा दीड महिना चालला. खुशाल जगला, पण केस सगळे गेले. घरी आल्यावर तो म्हणाला, "बरं झालं. आता टोप फिट बसते." त्यावर फक्त त्याची बायको सत्यशीला हसली.

सत्यशीला हरिदासच्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी हे स्थळ हरिदासनंच जमवलं होतं. म्हणून एका बुधवारी ती त्याच्या ओसरीवर येऊन बसली आणि खळीचं भांडं ढवळू लागली, तेव्हा हरिदासनं हातातली सुई खाली ठेवली.

"काय झालं बाई?"

"मामाजींनी बाबाले चिठ्ठी लिवली," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "मले घेऊन जा म्हणून. बाबा रविवारी येऊन राह्यले."

"काऊन?"

"माहा रक्तगट बी आहे नं, मामा."

हरिदासला हे नवीन नव्हतं, पण चिठ्ठीपर्यंत गेलं असेल असं वाटलं नव्हतं. श्रीहरीभाऊ अंधश्रद्धा मानत नसत. दारावर शेजारणीनं लिंबू-मिरची टांगली तेव्हा त्यांनी ती भर रस्त्यात नेऊन ठेचली होती. पण दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता वाचला होता. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर रुग्ण दगावू शकतो, असं त्यावर होतं. तिथून पुढचं सायन्स त्यांनी स्वतः तयार केलं. खुशालचा गट ओ, सुनेचा बी. लग्नाआधी पोरगा ठणठणीत. लग्न झालं, दोन गट एका घरात आले आणि रक्त बिघडलं. ही नुसती हिशोबाची गोष्ट आहे, यात कुणाला दोष नाही, असं ते म्हणत. सुनेनं औषध संपेपर्यंत माहेरी राहावं, म्हणजे पुन्हा बिघडायला नको.

"खुशाल काय म्हणते?"

"ते म्हणतेत, तू तिकडं गेली तं मी इकडून नागपूरले जात नाई. सोमवारची बस आहे मामा. दुसरा फेरा चुकला तं डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं, तुमी आयकलं नं."

हरिदासनं ऐकलं होतं. पहिल्या वेळी रक्त द्यायला तोच गेला होता. श्रीहरीभाऊंनाही बोलावलं होतं, पण त्यांना त्या दिवशी नेमकी चक्कर आली होती. फेरा संपल्यावर तो खुशालला आणायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता रक्त स्वच्छ दिसतं आहे, पण आत लपलेली बी राहिली असेल. पुढचे फेरे चुकवले तर ती पुन्हा फुटेल. मग खुशाल सहा महिने काढेल की सहा आठवडे, सांगता येणार नाही.

आणि त्याच दिवशी त्यांनी त्याला एक फोटो दाखवला होता.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेला तो कागद हरिदासला पहिल्या नजरेतच आवडला, कारण त्यावर कात्री चालली होती. खुशालच्या हाडातल्या मगजाची एक पेशी फोडून तिच्यातल्या गुणसूत्रांचा फोटो काढला होता. मग एकेक गुणसूत्र कात्रीनं कापून, जोड्या लावून, नंबरवार चिकटवलं होतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सेहेचाळीस बारके तुकडे.

"कापलं कोणं?" हरिदासनं पहिला प्रश्न हाच विचारला.

"तिथली एक मुलगी दिवसभर हेच करते," डॉक्टरीणबाई हसल्या. "बघा, पंधरा नंबरची जोडी. दोन्ही सारखी असायला हवीत."

"एक किंचित लांब आहे."

"आणि सतरा?"

"एक आखूड." हरिदास कागदावर वाकला. "पट्टे जुळत नाईत. खालचा तुकडा याचा त्याले अन् त्याचा याले लागला."

विद्यार्थ्यांना हे दाखवायला डॉक्टरीणबाईंचा अर्धा तास जात असे. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सांगितलं. शरीरात रोज कोट्यवधी पेशी नव्यानं तयार होतात, प्रत्येक वेळी हे सगळं लिखाण पुन्हा उतरलं जातं. एकदा कुठंतरी दोन गुणसूत्रं तुटली आणि जोडताना शेंडे बदलले. काही हरवलं नाही, काही जास्त झालं नाही. फक्त जिथं सांधा पडला तिथं एका आज्ञेचा पुढचा भाग दुसऱ्या आज्ञेच्या मागच्या भागाला लागला. दुसऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात अशी जोडलेली आज्ञा बाहेरच्या देशात दोन-तीन वर्षांपूर्वी सापडली आहे, याच्यातही तसंच असावं असा अंदाज आहे, अजून सिद्ध व्हायचं आहे. पेशी मोठी होत नाही, काम शिकत नाही, नुसती आपल्यासारख्या आणखी पेशी काढत राहते. त्यांनी मगज भरून गेला की बाकीच्यांना जागा उरत नाही.

"चूक कोणाची?"

"कुणाचीच नाही. आईबापाची नाही, बायकोची नाही. ती एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही, मुलांत उतरतही नाही."

हे सगळं हरिदासनं कुरखेड्याला परतल्यावर श्रीहरीभाऊंना सांगितलं होतं. ते पूर्ण ऐकून म्हणाले होते, "तू वह्या शिव. सायन्स मले नको शिकवू."

आता ओसरीवर बसून हरिदासनं सत्यशीलाच्या हातातलं खळीचं भांडं काढून घेतलं.

"घरी जा. रविवारी दुपारी तालीम आहे. बाबाची बस किती वाजता येते?"

"दोन-सव्वादोनले."

"बरं," हरिदास म्हणाला. मंडळाची ट्रंक त्यानं पुढं ओढली आणि वह्या काढल्या. त्याचा चेहरा बघून सत्यशीलाला जरा काळजी वाटली.

मंडळाकडं दोन नाटकं नेहमीची होती. एक डाकूचं, एक लग्नाचं. दोन्ही वह्या चौऱ्याऐंशी पानांच्या, दोन्ही हरिदासच्या अक्षरात. डाकूच्या नाटकात तिसऱ्या अंकात सरदाराच्या अड्ड्यावर एकेक माणूस येतो, पहारेकरी विचारतो, आणि सरदार म्हणतो, "बाहेर कोण आला? त्याला तिथंच थांबवा." मग सरदाराची म्हातारी आई येते, त्याला बस कर म्हणते, तो बंदूक ठेवतो, पोलीस येतात, पडदा. लग्नाच्या नाटकात तिसऱ्या अंकात मांडवात एकेक पाहुणा येतो आणि वधूपिता म्हणतो, "दारात कोण आहे? त्याला आत घ्या. आणखी एक पाट मांडा." हे वाक्य नऊ वेळा आहे.

हरिदासनं दोन्ही वह्या बेचाळिसाव्या पानावर उसवल्या. मग त्यानं हिचं शेपूट तिला आणि तिचं हिला लावून, जुन्याच छिद्रांतून नवा दोरा ओवला. "त्याला" या शब्दावर डाकूचं पान संपत होतं. पुढचं पान लग्नाचं होतं.

ऑर्गन वाजवणाऱ्या अयूबला मात्र सांगणं भाग होतं. अयूबचं सायकल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर होतं.

"भाऊ, ये तो फसवणूक हुई," अयूब ट्यूबला ठिगळ लावत म्हणाला.

"हो."

"श्रीहरीभाऊ मारतीन."

"मले मारतीन. तू फक्त पाहुणा आला का लग्नाची धून वाजव."

"अन् संपन कवा?"

"तेच तं पाहाचं आहे," हरिदास म्हणाला.

रविवारी दुपारी एक वाजता समाजमंदिराच्या ओट्यावर पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जत्रेतल्या नाटकाची तालीम सुरू झाली. खडूनं आखलेला चौकोन म्हणजे रंगमंच. तालमीला एखादा नट आला नसेल तर समोर बसलेल्यांपैकी कुणीही उठून त्याच्या जागी उभं राहायचं, ही तिथली रीत. तुडतुड्यांच्या फवारणीबद्दल बोलत बसलेली पंधरावीस माणसं समोर होतीच. खुशाल डोक्याला रुमाल बांधून खांबाला टेकून बसला होता. सत्यशीला त्याच्या मागं, पाण्याचा तांब्या घेऊन.

पहिले दोन अंक झकास गेले. तिसऱ्या अंकात पहारेकऱ्याचं काम करणारा इतवारी दौडत आला. हरिदासनं वाक्य टाकलं आणि श्रीहरीभाऊंनी मिशीवर हात फिरवून उचललं.

"बाहेर कोण आला? त्याला..."

हरिदासनं पान उलटलं. "आत घ्या. आणखी एक पाट मांडा."

"आत घ्या," श्रीहरीभाऊ गरजले. "आणखी एक पाट मांडा."

अयूबनं लग्नाची धून वाजवली. इतवारीनं समोरच्यांतल्या एकाला हाताला धरून चौकोनात आणलं आणि बसवलं. श्रीहरीभाऊंच्या कपाळावर एक आठी आली, पण कान हरिदासकडंच होता आणि पुढचं वाक्य येत होतं.

"दारात कोण आहे?"

"दारात कोण आहे?"

"त्याला आत घ्या. आणखी एक पाट मांडा."

दुसरा आला. तिसरा आला. आलेल्याला काही काम नव्हतं. तो बसे आणि पुढच्याला सरकून जागा देई. चौथा आला तेव्हा डाकूच्या आईचं काम करणारा सुतार बांबूची काठी टेकत एंट्रीला उभा होता, पण त्याच्या एंट्रीचं वाक्य काही येईना. इन्स्पेक्टर झालेला मास्तर टोपी हातात घेऊन चौकोनाच्या बाहेर उभा होता. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सहावा आला. नव्यांदा धून वाजली आणि वही वधूपित्याच्या मंगल आशीर्वादाला आली, तेव्हा हरिदासनं शांतपणे चार पानं मागं उलटली आणि पुन्हा सुरुवात केली.

"दारात कोण आहे?"

बंदूक खांद्यावर घेऊन कोपऱ्यात दबलेल्या सरदारानं घाम पुसला. "दारात कोण आहे?"

दारात खरंच कोणीतरी होतं. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर टॉवेल, मार्कंड्याजवळच्या गावाहून दोन बस बदलून आलेले गुलाबभाऊ. सत्यशीलाचे वडील, श्रीहरीभाऊंचे इवाई म्हणजे व्याही, मुलीला न्यायला आले होते. घरी कुलूप दिसलं म्हणून आवाजाच्या दिशेनं आले होते.

हरिदासनं त्यांना पाहिलं. वाक्य टाकताना त्याचा आवाज एवढासाही हलला नाही.

"त्याला आत घ्या. आणखी एक पाट मांडा."

"त्याला आत घ्या," श्रीहरीभाऊ इवायाच्या डोळ्यांत बघून गरजले. "आणखी एक पाट मांडा."

अयूबनं धून वाजवली. इतवारीनं गुलाबभाऊंच्या हातातली पेटी घेतली आणि त्यांना चौकोनात नेऊन बसवलं. गुलाबभाऊ रस्ताभर शिव्या जुळवत आले होते. त्या गिळून त्यांनी "जयभीम इवाई" एवढंच म्हटलं. बसल्या बसल्या शेजारच्यानं त्यांच्यासाठी मांडी आवळली.

समोर हशा पिकला. खुशाल खांबाला धरून हसत होता. श्रीहरीभाऊंनी बंदूक खाली आपटली.

"हे संपत काऊन नाई? इतवारी, तू काऊन आणून राह्यला माणसं?"

"तुमीच तं म्हणता, आत घ्या."

"अयूब, तू काऊन वाजवून राह्यला?"

"पाहुणा आला का वाजवाचं, भाऊ."

"अन् म्हातारी कुठी आहे? बस कर म्हणणारी?"

"मी इथीच आहो कवाची," सुतार काठी टेकून म्हणाला. "मले कोणी बोलावतच नाई."

श्रीहरीभाऊ माणसांवरून पाय टाकत हरिदासपर्यंत आले. "वही दे."

हरिदासनं दिली. त्यांनी पानं मोजली. बोटाला थुंकी लावून, एकेक. चौऱ्याऐंशी भरली. मग लग्नाची वही मागितली आणि मोजली. तीही चौऱ्याऐंशी.

"एक पान गेलं नाई," ते म्हणाले. "मंग बिघडलं कुठी?"

"बेचाळीस काढा."

श्रीहरीभाऊंनी बेचाळीस काढलं. "त्याला" शब्द वाचला, पुढचं पान वाचलं, बोट शिवणीवर फिरवलं. हसणं थांबलं होतं.

"म्हातारीचं पान?"

"लग्नाच्या वहीत. तिथी वधूपित्याले पोलीस धरून नेतेत."

"अन् सांधा पडला तं हे वाक्य आपल्या मनानं चालते?"

"चालते. आयकाले बरोबर वाटते. तुमाले वाटलंच नं. डॉक्टरीणबाईनं खुशालच्या फोटोत हेच दाखवलं होतं मले. पंधरावं अन् सतरावं. हे जे चौकोनात बसून आहेत नं, असे त्याच्या मगजात भरले होते. काम काई नाई, नुसते बसून. म्हणून बाकीच्याइले जागा नाई, म्हणून हिरडीतून रक्त."

श्रीहरीभाऊंनी मान वर केली. "हे कोणं केलं?"

"मी."

"मंग तिथीही कोणं तं केलं असन."

हरिदास या प्रश्नाची दोन दिवस वाट बघत होता. खोटं बोलायचं नव्हतं. "नाई भाऊ. इथी एक बदमाश होता. तिथी कोणीच नव्हतं. रोज लाखो वह्या उतरतेत तिथी, एक दिवस एक उलटी शिवली गेली. तेवढाच फरक आहे, अन् तो मले दाखवता येत नाई."

"अन् रक्तगट?"

"ही डाकूची वही अन् ही लग्नाची. दहा वर्षं एका ट्रंकेत आहेत. शेजारी शेजारी. त्यानं कवा उसवल्या का?"

चौकोनातून गुलाबभाऊंचा आवाज आला, "इवाई, मी उठू का बसू? पाट तं कोणं मांडला नाई."

"बसा," श्रीहरीभाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "सुनबाई, भात टाका." मग वह्या हरिदासच्या छातीवर आदळल्या. "पटाच्या आधी जशाच्या तशा पाहिजेत. अन् शिवण मी तपासीन."

"तिथीही असंच शिवून देतेत का, मामा?" खुशालनं विचारलं.

"नाई रे. तिथी शिवता येत नाई. उलट्या वह्याच जाळतेत. एकही राहू द्याची नाई, म्हणून तं फेऱ्यावर फेरे."

खुशालनं रुमालाच्या आत डोकं खाजवलं. "म्हणजे मले उद्या पुन्हा जाळणार."

"चांगल्याच्या कडाही जळतेत जराशा," हरिदास म्हणाला.

सोमवारी सकाळी बस सुटायच्या वेळी सगळे स्टँडवर होते. गुलाबभाऊंची पेटी मार्कंड्याच्या बाजूनं जाणाऱ्या बसवर चढली होती, लेकीच्या पेटीविना एकटीच. खुशाल नागपूरच्या बसमध्ये खिडकीशी, त्याच्याशेजारी सत्यशीला. तिच्या मांडीवर ताप लिहून ठेवायची वही, तीही हरिदासनं बांधलेली. अयूब दुकानातून टायर काढायचा लोखंडी टॉमी हातात घेऊनच आला होता.

श्रीहरीभाऊ खिडकीखाली उभे राहिले. त्यांना सुनेशी काहीतरी बोलायचं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं मान वळवून हरिदासकडं पाहिलं.

हरिदासकडं वाक्य तयार होतं. चांगलं होतं, दोन ठिकाणी टाळी घेतली असती. त्यानं अयूबच्या हातातल्या टॉमीकडं बघायला सुरुवात केली.

कंडक्टरनं घंटी मारली. श्रीहरीभाऊंनी अजून एकदा पाहिलं. विंगेतून काहीच आलं नाही.

"सुनबाई," ते म्हणाले आणि थांबले. "ते... तूच राहजो तिथी. मले त्याच्या गोळ्या समजत नाईत." पुन्हा थांबले. "चिठ्ठी मी लिवाले नोती पाहिजे."

"हो, मामाजी."

बस हलली. दहा पावलं गेली असेल, तोवर श्रीहरीभाऊ धोतर सावरत तिच्या मागं पळत होते आणि दारावर थापा मारत होते. कंडक्टरनं बस थांबवली.

"काय राह्यलं आता?" हरिदास ओरडला.

"माहा गट ओ आहे," श्रीहरीभाऊ पायरीवरून म्हणाले. "रक्त लागन म्हणते नं. त्या वक्ताले चक्कर आलती, आता नाई येत."

ते आत चढले. बस वडशाच्या रस्त्याला लागली. अयूबनं टॉमी खांद्यावर टाकला.

"पटाले आठ दिवस राह्यले, हरिदासभाऊ. डाकू कोण करन आता?"

हरिदासला हे सुचलंच नव्हतं. तो उसवलेल्या दोन वह्या काखेत धरून धूळ बसेपर्यंत उभा राहिला.

"तुले पाठ आहे का काई?" त्यानं विचारलं.

"एक वाक्य आहे," अयूब म्हणाला. "पण ते दोन नाटकांचं आहे."